बिनकागदाची डबी

गेलं वर्षभर वसुंधरा सकाळी उठली की आधी मुलीचा, पूर्वीचा, चेहरा बघायची, मग घड्याळ. सोळा वर्षांची पोर कुशीवर झोपलेली असायची. खिडकीतून येणाऱ्या उजेडात वसुंधरा ओणवी होऊन तिच्या गालावरचे फोड मोजायची. काल सात होते, आज नऊ. हनुवटीवरचा मोठा जरा बसलाय असं वाटून हायसं होतंय तोच कानाखाली नवा डोकं वर काढताना दिसायचा. एकदा पूर्वीला जाग आली. डोळे न उघडताच ती म्हणाली, "आई, मोजून कमी होत नाहीत ते." आणि तिने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

पण मोजणं, तपासणं हे वसुंधरेच्या अंगातच भिनलेलं. जासईला मिठागरवाल्यांच्या घरात ती पहिली बी.कॉम. झाली. मिठागरांच्या जागी कंटेनर यार्डं आली तेव्हा त्यातल्याच एका यार्डाच्या ऑफिसात तिला नोकरी लागली. चौदा वर्षं ती तिथे कागद तपासत होती. कंटेनरचा नंबर, सीलचा नंबर, आत काय माल, कुठून आला, कोणाचा. एक आकडा चुकला की कंटेनरचा डबा जागचा हलायचा नाही. ड्रायव्हर खिडकीशी येऊन गयावया करायचे, कोणी साहेबाचं नाव सांगायचे. वसुंधरेचं उत्तर ठरलेलं असायचं, "कागद आणा, मग बोलू." यार्डातली पोरं तिला पाठीमागे कागदबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

लग्न होऊन ती सुकापूरला आली. सासरची भातशेती केव्हाच गेली होती. त्या जमिनीवर आता सात मजली इमारत उभी होती आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर दोन भावांचे दोन फ्लॅट होते, दारासमोर दार. एका बाजूला वसुंधरा, तिचा नवरा मिथुन आणि पूर्वी. समोर थोरली जाऊ चंद्रावती, तिचा नवरा आणि मुलगी दिपिका. सासूबाई, गुणाबाई, सकाळी एका घरात आणि संध्याकाळी दुसऱ्या घरात. दोन्ही दारं दिवसभर उघडी. त्यामुळे एका घरातली पुटकुळीसुद्धा दोन्ही घरांची व्हायची.

पूर्वीच्या चेहऱ्यावर प्रत्येकाचं मत होतं. मिथुन तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत पाळीवर जायचा. त्याच्या मते दोष हवेचा. संध्याकाळी तो वास सुटतो ना, तो कातडीत जातो. चंद्रावतीच्या मते टँकरच्या पाण्याचा. गुणाबाईंनी तर एक दिवस सरळ फर्मान काढलं की उष्णता वाढलीय, सुकट बंद. आगरी घरात दोन महिने सुकट बंद, जवळा बंद, वाकट्या बंद. मिथुन ताटावर बसला की डाळीकडे असा बघायचा जणू कोणी वारलंय. दोन महिन्यांनी पोरीचे फोड तसेच आणि घरातल्या सगळ्यांची तोंडं मात्र उतरलेली. मग एका रविवारी गुणाबाई स्वतःच सुकटीची चटणी वाटायला बसल्या. म्हणाल्या, "मासल्यांचा दोष नाय. उगाच आमी उपाशी मेलो."

बेसन झालं, कडुलिंबाचा पाला झाला, दुधाची साय आणि हळद झाली, कोणीतरी सांगितलं म्हणून टूथपेस्टही झाली. टूथपेस्टने गालावर एक काळा डाग तेवढा ठेवला.

वसुंधरेला भीती फोडांची नव्हती. भीती होती ती पूर्वी हळूहळू घरात कशी मिटत चालली होती त्याची. कोरोना ओसरल्यावर सगळ्यांचे मास्क सुटले तरी हिचा सुटला नाही. अकरावीत ती शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागली. वाढदिवसाला मैत्रिणी येणार म्हटल्यावर तिने ताप आल्याचं खोटंच कळवलं. आणि दिवाळीनंतर दिपिकाचं लग्न ठरलं, वैशाखातली तारीख निघाली, तेव्हा सगळं घर नाचत असताना पूर्वीने आईला स्वयंपाकघरात गाठून शांतपणे सांगितलं, "लग्नाला येईन. हळदीला येणार नाही."

बाहेरच्या माणसाला ह्यात काय मोठंसं, असं वाटेल. पण ह्या भागात एक वेळ लग्न चुकलेलं चालतं, हळद चुकवलेली चालत नाही. हळदीला सगळा गाव येतो. पूर्वी तर करवली, नवरीची धाकटी चुलत बहीण. नवरीला हळद लागली की उरलेली करवलीच्या तोंडाला. दोनशे बायका, दिव्यांचा लखलखाट, व्हिडिओवाला. त्या दिवसापासून वसुंधरेच्या मनात दोन तारखा सतत चालू राहिल्या, आजची आणि हळदीची.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चंद्रावतीने तिला आत बोलावलं. मागच्या वर्षी चंद्रावतीने वाण म्हणून सगळ्यांना स्टीलच्या छोट्या कुंकवाच्या डब्या वाटल्या होत्या, झाकणावर मोर कोरलेल्या. तशीच एक डबी तिने वसुंधरेच्या हातात ठेवली. उघडली तर आत कुंकू नव्हतं, पांढरी क्रीम होती.

"वसू, ही लाव पोरीला," चंद्रावती हळू आवाजात म्हणाली. "माझी दिपिका बघ. सगळ्या जणी लावतात. आठ दिवसांत फरक नाही पडला तर माझं नाव बदल."

वसुंधरेने विचारलं, कसली आहे. चंद्रावती म्हणाली, मेडिकलवाल्याकडची, चांगली आहे, मी ट्यूब आणते आणि डब्यांतून सगळ्यांना थोडी थोडी देते. दिपिकाचा चेहरा खरोखरच तुळतुळीत होता. वसुंधरेने डबी पदराखाली घेतली आणि समोरच्या दारातून घरी आली.

आठ दिवस नाही, सहाच दिवस लागले. फोड बसले. लाली गेली. गाल उजळले. सकाळी मोजायला काही उरलंच नाही. पूर्वी आरशासमोर उभी राहून गालावरून बोट फिरवायची आणि आईकडे बघून हसायची. एका रविवारी ती मास्क न लावता दिपिकाबरोबर पनवेलला बांगड्या बघायला गेली. त्या दिवशी वसुंधरेने देवाला साखर ठेवली. देवाला ठेवली खरी, पण मनातून ती चंद्रावतीला ठेवली होती.

मार्चमध्ये डबी संपली. पूर्वीची परीक्षा चालू होती, म्हणून चार दिवस नवी भरून आणायची राहिली. चौथ्या दिवशी पोरीचा चेहरा विस्तवासारखा लाल झाला. गरम वाफ लागल्यासारखी आग आग. फोड आले ते आधीसारखे एकेक नाहीत, पुंजक्यांनी. वसुंधरा घाबरून समोर धावली आणि डबी भरून आणली. दोन दिवसांत सगळं शांत. तिने सुटकेचा श्वास टाकला. पण आता एक वेळ लावून भागेना, दोन वेळा लागायची. आणि कानशिलावर बारीक लव दिसू लागली, जी आधी नव्हती.

तेव्हा कुठे ती पूर्वीला घेऊन नवीन पनवेलला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली. डॉ. सुमती भोपी. पन्नाशीच्या, आवाज हळू, चष्मा कपाळावर. त्यांची एक पद्धत होती. फोनवर वेळ देतानाच सांगत, चेहऱ्याला जे जे लावता ते सगळं पिशवीत घालून आणा. त्यावर त्यांचा फार विश्वास. माणसं तोंडाने विसरतात, पिशवी विसरत नाही, असं म्हणायच्या.

वसुंधरेने पिशवी भरली. बेसनाचा डबा, कडुलिंबाची पावडर, दोन फेसवॉश, गुलाबपाणी, टूथपेस्टसुद्धा. डबी हातात घेतली आणि परत कपाटात साड्यांच्या मागे ठेवून दिली.

डॉक्टरांनी एकेक वस्तू टेबलावर मांडली. टूथपेस्ट बघून जरा हसल्या. सुकट बंद केल्याचं ऐकून म्हणाल्या, मासळीने काही होत नाही, खुशाल खा. मग पूर्वीचा चेहरा दिव्याखाली धरून बराच वेळ बघत राहिल्या आणि विचारलं, "मेडिकलमधून कुठली ट्यूब आणून लावली नाही ना?"

"नाही," वसुंधरा म्हणाली.

पूर्वीने मान वळवून आईकडे पाहिलं.

आपण असं का म्हणालो, हे वसुंधरेला तेव्हाही कळत होतं. डॉक्टर ओरडतील ही लाज होतीच. पण त्याहून खोल होतं ते हे की आजवर उपाय चालला तो एवढा एकच, आणि डॉक्टरांनी तो काढून घेतला तर हळदीला पोरीला घेऊन जायचं कसं? डॉक्टरांनी रात्री लावायचं एक जेल दिलं. वाटाण्याएवढं, जास्त नाही, सगळ्या चेहऱ्याला, फोडापुरतं नाही. सकाळी सनस्क्रीन. घासायचं नाही, फोडायचं नाही. पहिले काही आठवडे कोरडं पडेल, कदाचित वाढल्यासारखं वाटेल, घाबरू नका. बारा आठवडे धीर धरा. महिन्याने दाखवायला या.

बारा आठवडे. हळद सहा आठवड्यांवर होती. रिक्षेतच वसुंधरेने मनाशी हिशोब जुळवला. डॉक्टरांचं औषध लांबच्या वाटेचं, ते रात्री. डबी जवळच्या वाटेची, ती सकाळी. हळद होईपर्यंत दोन्ही. मग डबी बंद.

महिनाभर तिने तसंच केलं. सकाळी स्वतःच्या बोटाने डबीतली क्रीम पोरीच्या गालाला लावायची, रात्री जेल द्यायची. पूर्वीने कधी विचारलं नाही. पण चेहरा काही धड होईना. उन्हात गेली की पाच मिनिटांत लाल. गालाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, खालच्या शिरा दिसायला लागलेल्या. वसुंधरा यार्डात कागद पुढ्यात घेऊन बसायची आणि एकच ओळ तीनदा वाचायची. तिला कळत होतं की कुठेतरी काहीतरी चुकतंय, आणि ते कुठे आहे तिकडे मात्र तिला बघायचं नव्हतं.

हळदीला दोन आठवडे असताना ती चंद्रावतीकडे आहेराच्या साड्यांना नावांच्या पट्ट्या लावायला बसली होती. कात्री हवी होती म्हणून तिने टेबलाचा खण ओढला. कात्रीशेजारी क्रीमच्या ट्यूबचं रिकामं खोकं पडलं होतं. सवयीने हात गेला. सवयीनेच तिने ते उलटं केलं आणि बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेली.

आत तीन औषधं होती. पहिलं स्टिरॉइड. खाली लिहिलं होतं की हे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. त्याखाली, चेहऱ्याला लावू नये. त्याखाली, जास्त दिवस वापरू नये.

चंद्रावती आतून विचारत होती, कात्री सापडली का गं. वसुंधरेने खोकं पदराखाली सरकवलं. चौदा वर्षं तिने कागदाशिवाय एक डबा फाटकाबाहेर जाऊ दिला नव्हता. आणि झाकणावर मोर कोरलेली ही डबी, नाव नाही, गाव नाही, तारीख नाही, तिने स्वतःच्या बोटाने पोरीच्या तोंडाला लावली होती. दिवसातून दोनदा.

दोन दिवसांनी डॉक्टरांची तारीख होती. डबी तिने दुसऱ्याच क्षणी बंद केली होती आणि पूर्वीचा चेहरा पुन्हा पेटायला लागला होता. पूर्वी म्हणायची, आई, मोठ्या आईच्या डबीतली क्रीम का देत नाहीस? वसुंधरा म्हणायची, डॉक्टरांना विचारू. सांगितलं तर पोरीच्या मनातून उतरेन. नाही सांगितलं तर पोरीच्या चेहऱ्याचं काय होईल ते देव जाणे. मिथुनलाही सांगितलं नव्हतं. लग्नघर होतं, जावेचं नाव निघालं तर दोन दारं कायमची बंद व्हायची.

डॉक्टरांनी चेहरा पाहिला, भुवया आवळल्या आणि प्रिस्क्रिप्शनचा कागद पुढे ओढला. पेन टेकवणार तेवढ्यात वसुंधरेने पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली. सोबत ट्यूबचं रिकामं खोकं.

"मागच्या वेळी मी खोटं सांगितलं," ती म्हणाली. "हे संक्रांतीपासून चालू आहे. तुमचं औषध चालू असतानाही मी रोज लावत होते. परवापासून बंद केलंय."

डॉक्टरांनी खोकं वाचलं. चष्मा काढला.

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "मी आज जेल जास्त जोराचं देणार होते."

एवढंच. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्यांनी पूर्वीकडे वळून, तिलाच सगळं समजावलं. ही क्रीम फोड बरे करत नाही, दाबून ठेवते. सोडली की दुप्पट उसळतात. आता काही आठवडे चेहरा लाल होईल, आग होईल, आणि परत लावावीशी वाटेल. लावायची नाही. जेलही सध्या बंद, कातडी थकली आहे. साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि एक कॅप्सूल. हळद, बेसन काही नाही. लव आणि शिरा हळूहळू कमी होतील, वेळ लागेल, पण तू लहान आहेस, होतील. पूर्वीने विचारलं, हळदीपर्यंत? डॉक्टरांनी सरळ सांगितलं, नाही.

रिक्षा सुकापूरच्या रस्त्याला लागली तेव्हा पूर्वी मास्क न काढताच म्हणाली, "त्या दिवशी मी बोलणारच होते. तू नाही म्हणालीस, तेव्हा मला वाटलं, आईने बघितलं असेल सगळं. तू सगळं बघतेस म्हणून."

वसुंधरेला वाटलं, हिने दोन शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

पुढचे दिवस कसे गेले ते तिलाच माहीत. पूर्वी ओला रुमाल गालाला लावून पंख्याखाली पडून राहायची. वसुंधरेने मिथुनला सांगितलं. तो उठला आणि स्वतःच रुमाल बदलू लागला. गुणाबाई येऊन बघून जायच्या. त्यांना स्टिरॉइड कळलं नाही, पण एवढं कळलं की घरात कोणीतरी कोणाला तरी काहीतरी दिलं आणि ते बाधलं. चंद्रावतीला मात्र वसुंधरेने काही सांगितलं नाही. लग्नघर आहे, नंतर सांगू, असं ती स्वतःला बजावत राहिली.

हळदीच्या दिवशी दुपारीच मांडव भरला. पूर्वी आली. कोणी आग्रह केला नव्हता. निळा परकर-पोलका घालून, मास्क लावून, नवरीमागे उभी राहिली. म्हणाली, तायडीची हळद एकदाच होणार. धवलारीण लग्नाची गाणी, धवळे, म्हणत होती. बायकांनी दिपिकाला हळद लावली आणि मग गलका झाला, करवली, करवली. चंद्रावती दोन्ही हातांत ओली हळद घेऊन हसत पुढे आली. "काढ गं ते मास्क. देवाची हळद आहे, तिनेच बरं होईल." तिने मास्कची दोरी धरली.

ह्याच घटकेला वसुंधरा सहा महिने भीत होती. ती पुढे झाली आणि तिने जावेचं मनगट धरलं. हळद खाली सांडली.

"ताई, तिच्या तोंडाला हात लावू नका," ती म्हणाली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "डबीतल्या क्रीमने झालंय हे. त्यात स्टिरॉइड आहे. चूक तुमची नाही. मी वाचलं नाही, आणि मीच लावलं."

धवळे थांबले. चंद्रावतीचा चेहरा पांढरा पडला. आणि वसुंधरेच्या लक्षात आलं की कोणीच तिच्याकडे बघत नाहीये. मांडवातल्या कितीतरी बायकांचे हात नकळत स्वतःच्या गालांवर गेले होते. मोराची डबी सगळ्यांकडे होती.

"शुभकामात हलद सांडली," कोणीतरी पुटपुटलं.

तेव्हा गुणाबाई खुर्चीतून उठल्या. सावकाश चालत आल्या, सांडलेल्यातली हळद बोटांनी निपटून घेतली आणि पूर्वीच्या पुढ्यात खाली बसल्या. "पाय पुढं कर, बाय," त्या म्हणाल्या आणि नातीच्या पावलांना हळद चोळू लागल्या. "पायाला लावली तरी हलदच हाय. तुमी गप का ऱ्हायल्या गं, म्हना."

धवळे पुन्हा सुरू झाले. पूर्वी आजीच्या डोक्यावर हात ठेवून उभी होती. मग तिने स्वतःच मास्क काढून परकराच्या खिशात ठेवला. घामाने आग होतेय, एवढंच म्हणाली.

चंद्रावती त्या दिवशी वसुंधरेशी बोलली नाही. नंतरही आठ-दहा दिवस समोरचं दार लोटलेलं राहिलं. पण त्याच संध्याकाळी दिपिका हळदीने माखलेली आत आली आणि हळूच म्हणाली, "काकी, मी तर दीड वर्ष लावतेय. आज बंद करू?" वसुंधरेच्या आधी पूर्वीच म्हणाली, "एकदम नको. आधी डॉक्टरांना विचारूया. आई, फोन लाव." आणि बहिणीला खुर्चीवर बसवून, डॉक्टर विचारायच्या तसं विचारू लागली. दिवसातून किती वेळा. उन्हात आग होते का.

श्रावण लागला तेव्हा जेल पुन्हा सुरू होऊन दोन महिने झाले होते. आधी एक दिवसाआड, मग रोज, वाटाण्याएवढं. पूर्वी ते स्वतः लावते. त्याआधी ट्यूबची पाठ वाचते, दर वेळी, आई समोर असली की जरा मोठ्याने. काळे डाग आहेत, गालावरची लव अजून पुरती गेलेली नाही. डॉक्टर म्हणतात, वर्ष धरा.

वसुंधरा अजूनही सकाळी आधी चेहरा बघते. ती सवय काही सुटली नाही. परवा ती अशीच ओणवी झाली तर पूर्वी जागीच होती. तिने पांघरूण ओढलं नाही.

"किती?" तिने विचारलं.

"चार."

"पाच," पूर्वी म्हणाली. "एक कानामागे आहे. तुला दिसायचा नाही." आणि तिने केस बाजूला करून आईला दाखवला.